अकरा पिल्लांची सुईण

फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. इंदूमावशीचा पुतण्या होता. "वहिनी, काकी गेली," एवढंच म्हणाला. मी डबा पुन्हा बंद केला, झाकण नीट दाबून लावलं आणि मग रडले. दोन महिने होत आले त्याला. अजूनही संध्याकाळी जिना चढताना मी तिच्या दाराकडे आधी बघते, मग माझ्या.

इंदूमावशी माझी कुणी सख्खी नव्हे. लालबागच्या आमच्या चाळीत शेजारची खोली तिची. माणूस गिरणीत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. परळच्या एका प्रसूतिगृहात तिने तीस वर्षं आयाचं काम केलं. लग्न होऊन मी चाळीत आले त्या दिवशीच तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सासूबाईंना म्हणाली, "कंबर बरी आसा." मला असा राग आला होता! तो पुढेही अधूनमधून येतच राहिला, कारण मावशीला सगळ्यातलं सगळं कळायचं आणि ते सांगितल्याशिवाय तिला अन्न गोड लागायचं नाही.

आमच्या ह्यांनी मसाला गल्लीतून एक कुत्री उचलून आणली होती. अंगाला तिखटाचा वास, म्हणून नाव मिरची. ती गाभण राहिली. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी ती पलंगाखाली शिरून धापा टाकायला लागली, आणि हे नेमके सासूबाईंना घेऊन गावाला गेलेले. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, घरीच होईल, अडलं तर घेऊन या. मी घाबरून भिंतीवर थाप मारली. मावशी आली ती पदर खोचूनच. हातात सूप, काखेत जुन्या लुगड्यांचं गाठोडं. गॅलरीत डोकावणाऱ्या पुरुषांना तिने हाकललं, देवापुढे दिवा लावला आणि माझ्यावर खेकसली, "बघतंस काय? पाणी तापत ठेव."

पहिलं पिल्लू आलं. मिरची मान वळवते न वळवते तोच मावशीने ते उचललं, नाकतोंड पुसलं आणि कोमट पाण्यात ठेवणीतल्या साबणाने स्वच्छ आंघोळ घातली. वॉर्डात तीस वर्षं हेच तर केलं होतं. मी आदल्या दिवशी मोबाइलवर वाचलं होतं की पिल्लांना धुवायचं नसतं. तसं पुटपुटलेही. "मोबाईलात बघून बाळंतपणां होतत काय गो?" असं म्हणून तिने ते पिल्लू फडक्यात गुंडाळून सुपात ठेवलं. मी पुढचं पाणी तापत ठेवलं. मला तेव्हाच ठामपणे बोलायला हवं होतं.

पुढची मात्र इतक्या भराभर आली की आंघोळीला सवडच मिळाली नाही. मिरचीनेच ती चाटून कोरडी केली. आठव्यानंतर मावशीने "झाली मोकळी" म्हणून जाहीर केलं आणि आम्ही चहा टाकला. कप तोंडाला लागतो तोच नववं! मग दहावं, आणि तासाभराने अकरावं. आम्ही दोघी हसत सुटलो. मग मावशीने सुपातलं पहिलं पिल्लू उचलून आईच्या पोटाशी लावलं. मिरचीने ते हुंगलं... आणि नाकाने बाजूला ढकललं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. तिसऱ्यांदा तर ती गुरगुरली. पिल्लू थंड पडत चाललं होतं, त्याचं कुंईकुंई बारीक होत गेलं.

कधी न थांबणारं मावशीचं तोंड थांबलं. ती फरशीवर बसली आणि हळूच म्हणाली, "हेच्या अंगावरची आवस मीच धुवून टाकलंय गो." आवस म्हणजे आई. पण मावशी बसून राहणारी नव्हतीच. मिरचीच्या अंगाखालचं ओलं लुगडं तिने ओढून घेतलं आणि पिल्लाला त्याने डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळलं. मिरचीच्या दुधाचे चार थेंब पिळून त्याच्या पाठीला लावले. भावंडांच्या ढिगात त्याला घोळवलं, आणि मग मधोमध ठेवून तिने चक्क कुत्रीपुढे हात जोडले. "चुकला माझा. घे गो बाय हेका."

मिरचीने खूप वेळ वास घेतला. मग तिने एकदा चाटलं, परत चाटलं आणि पंजाने त्याला पोटाशी ओढलं. मावशी ढसाढसा रडली. तोवर तिला रडताना मी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मिरचीला रोज अळिवाची खीर, आणि बाराव्या दिवशी चाळीत अकरा जणांचं बारसं! दहा पिल्लं दादर, माझगाव, शीव कोळीवाडा अशी कुठे कुठे गेली. नेणाऱ्याची मावशीने अशी उलटतपासणी घेतली की मुलीच्या स्थळाचीही कुणी घेत नसेल. पहिलं मात्र तिने स्वतःकडे ठेवलं. नाव पयलो. तो नऊ वर्षं तिच्या पायाशी, तिच्या गोधडीवर झोपला.

दोन वर्षांनी माझी मुलगी जन्मली. प्रसूतिगृहातली आया तिला आंघोळीला न्यायला निघाली, तर मावशी दारात आडवी! "आधी आवशीकडे दे, मगे धुव." माझ्या छातीवर ते चिकट, ओलं पोर ठेवून मावशी बाजूला झाली आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळं हसली. चूक कबूल करून पुढे वर्षानुवर्षं लक्षात ठेवणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

तेराव्याच्या आदल्या दिवशी तिची खोली धुवून काढली. भांडी, चादरी, पडदे सगळं. पुतण्याची बायको गोधडी बादलीत बुडवणार, इतक्यात मी ती तिच्या हातातून ओढूनच घेतली. ती बिचारी दचकली. "अहो वहिनी, किती वास मारतेय ती!"

"म्हणूनच," मी म्हणाले.

आता पयलो आमच्याकडे असतो. मिरची कधीच गेली. दाराजवळ ती गोधडी घातली आहे. तो आधी तिच्यात नाक खुपसतो, बराच वेळ तसाच राहतो, मग अंग टाकतो. येणारे-जाणारे नाक मुरडतात, सासूबाई बडबडतात. बडबडू देत. मी ती धुणार नाही.