मंबीला मारलेली हाक

आधीच सांगून टाकते... भूत, आत्मा, चाहूल असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. अजूनही नाही. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरात वाढलेली बाई मी. आमचे अण्णा शिक्षक होते. गल्लीत कुणाच्या अंगात आलं की अण्णा पायात चपला सरकवून तिथं हजर, आणि त्या बाईला म्हणायचे, "आधी बीपी मोजून घ्या." या ग्रुपवर मी इतकी वर्षं नुसती वाचायला, आणि खोटं कशाला बोलू, हसायला येते. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय म्हटल्यावर माझंच डोकं फिरलंय. पण जे झालं ते झालं. कुणाकडे उत्तर असेल तर द्या. फक्त 'शांती करून घ्या' असलं काही सांगू नका, प्लीज.

थोडी घरची माहिती द्यावी लागेल, त्याशिवाय कळायचं नाही. आम्ही संभाजीनगरला राहतो, छावणीच्या बाजूला. मी लहान मुलांची पुस्तकं लिहिते. 'जोडगाडी' नावाची माझी मालिका आहे. दोन अर्धी घरं एकत्र येऊन झालेलं एक कुटुंब, आणि प्रत्येक पुस्तकात ते कुठंतरी सुट्टीला जातं. कधी कोकणात, कधी चिखलदऱ्याला. पोरं भांडतात, रुसतात, कुणीतरी जेवण सोडून उठतं, आणि शेवटच्या पानावर सगळे हसत परतीच्या गाडीत बसतात. हे सुचायला मला लांब जावं लागलं नाही, आमचं घरही तसंच आहे. फक्त आमच्याकडे ते शेवटचं पान काही येत नाही.

माझा नवरा विलास वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याची पहिली बायको, संगीता, आजारपणात गेली तेव्हा त्यांची यशोधरा चार वर्षांची होती. आता ती अकरा वर्षांची आहे. माझा घटस्फोट झालेला, मुलगा सम्यक नऊ वर्षांचा. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. सम्यकनं पहिल्याच महिन्यात "ए पप्पा, तू चल ना" सुरू केलं. आणि यशू? यशू मला आजही 'तुम्ही' म्हणते.

आता वाटेल, त्यात काय एवढं, मान देते पोरगी! अहो, मान नकोय मला. आपल्याकडे आईला कुणी अहो-जाहो करतं का? शाळेतल्या मॅडमना तुम्ही, डॉक्टरांना तुम्ही, आत्याच्या सासूबाईंना तुम्ही... आणि त्याच रांगेत मी. बरं, आई म्हण, मम्मी म्हण, मावशी म्हण, काहीही म्हण! तेही नाही. 'ऐका ना' हेच माझं नाव. तीन वर्षं रोज वेणी घालतेय, डबा भरतेय, तापात उशाशी बसतेय, आणि मला म्हणतात 'ऐका ना'. चिडचिड होणार नाही तर काय होईल?

वरून आमच्या संपादकबाई. सहावं पुस्तक म्हैसमाळच्या सुट्टीवर चाललंय. दर आठवड्याला फोन. "ताई, या भागात इराला एकदाचं 'आई' म्हणू द्या हो, वाचक वाट बघताहेत." इरा म्हणजे मालिकेतली सावत्र मुलगी. बाईंना काय सांगू? ती म्हणत नाहीये, मी काय तिच्या तोंडात हात घालू?

तर यंदा मे महिन्यात विलासच्या मित्राचं शेतघर चार दिवसांसाठी मिळालं. खुलताबाद मागं टाकून म्हैसमाळकडे चढायला लागलं की डाव्या हाताला आहे. दोन खोल्या, पुढं ओसरी, अंगणात मोठा कडुलिंब. आतल्या खोलीत खिडकीला लावलेला एक जुना कूलर, जो हवा कमी आणि आवाज जास्त देतो. राखणीला गयाबाई आणि तिचा नवरा, धनगर माणसं, त्यांच्या पाच-सहा शेळ्या अंगणातच. म्हटलं, सुट्टीही होईल आणि पुस्तकही पुढं सरकेल. कसलं काय!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना सम्यकनं 'जोडगाडी'चा पाचवा भाग उघडला आणि मोठ्यानं वाचायला लागला. त्यात इरा सावत्र आईला म्हणते, "तुमची आमटी चांगली आहे, पण आमच्या घरी अशी करत नाहीत." सम्यक खिदळत म्हणाला, "ए ताई, ही बघ, डिट्टो तुझ्यासारखं बोलते!"

यशूनं हातातला घास ताटात ठेवला. "हे मीच बोलले होते."

"अगं, लिहिणारे लोक आजूबाजूला ऐकलेलंच—"

"तुम्ही माझं बोलणं चोरता. सम्यकचं लिहा ना. तो तुमचा आहे."

आणि गेली उठून. मी विलासकडे बघितलं. हा गृहस्थ शांतपणे भाकरी चुरत बसलेला! याची एक खोड आहे, घरात भांडण झालं की याला बाजारातून काहीतरी आणायचं आठवतं. "उन्हाचं बरं वाटेल, बर्फ घेऊन येतो," म्हणाला. सम्यकला गयाबाईच्या नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसायचं होतं, म्हणून हे बापलेक ती घेऊन खुलताबादला गेले. निघताना यानं सवयीप्रमाणे, वळूनसुद्धा न बघता, कारच्या चावीचं बटण दाबलं. टुंक. चावी खिशात टाकली.

मी तेव्हा आत भांडी आवरत होते. मला वाटलं, यशूपण त्यांच्याबरोबर गेली. त्याला वाटलं, ती माझ्याजवळ आहे. आमच्या घरात हे नेहमीचंच आहे.

खरं काय होतं, की यशू कारमध्ये जाऊन मागच्या सीटवर आडवी झाली होती. काचा बंद करून. रडलेलं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून — हे तिनं मला नंतर सांगितलं. रडता रडता झोप लागली. कार लावली तेव्हा लिंबाच्या सावलीत होती. पण सावली काय एका जागी थांबते? सरकली.

मी आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले. कूलर फुल्ल. त्या कूलरपुढं मोबाइल वाजलेला कळत नाही, हे लक्षात ठेवा. डोक्यात नुसता संताप... चोरते म्हणे! एक वाक्य धड लिहून होईना. आणि तेवढ्यात हाक आली.

"मंबीऽऽ... ए मंबी... ये ना तू..."

लहान पोरीचा आवाज. बोबडा, हट्टी. आणि अगदी स्वच्छ, उंबऱ्यात उभं राहून मारावी तशी हाक. मला काय वाटावं? मला वाटलं, गयाबाईची नात-बीत आली असेल आणि शेळीला बोलावत असेल. मंबी हे शेळीचंच नाव असणार! दुर्लक्ष केलं. पण ती पोर थांबेचना. परत परत तेच. मंबी, ये ना. मंबी, ये ना तू. शेवटी शेवटी रडवेली झाली. माझं टाळकं सटकलं. लॅपटॉप आपटून बाहेर आले. खोटं बोलत नाही, त्या पोरीला चांगली झापायलाच बाहेर आले होते.

अंगणात कुणी नाही. शेळ्या रवंथ करत पडलेल्या. गयाबाई ओसरीच्या कोपऱ्यात तांदूळ निवडत बसलेली.

"गयाबाई, कोण ओरडतंय? त्या तुमच्या मंबीला आवरायला सांगा जरा!"

"कोन मंबी?"

"शेळी हो. मंबी."

"आसं कुठं नाव आसतंय का ताई शेळीचं? ही चांदनी, ती बुटकी. आन् कुनी बी वरडलं नाय. म्या तवापासून हितंच हाय. लई ऊन हाय, आत जा तुमी."

आणि ती हे बोलत असतानाच परत हाक आली. कारच्या बाजूनं. मी गयाबाईच्या तोंडाकडे बघतेय, तिला काहीसुद्धा ऐकू आलेलं नाही! मी तशीच कारकडे गेले. काच एवढी तापलेली की हात टेकवेना. आत बघितलं, तर मागच्या सीटवर यशू. तोंड लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले, मान एका बाजूला. मी काच बडवली, दार ओढलं. काही नाही. पोरगी हलेना.

पुढचं मला नीट आठवत नाही. अंगणातला दगड मारला तर तो काचेवरून उडून परत आला. गयाबाईनं आतून वरवंटा आणून दिला. पुढच्या दाराची काच फोडून, हात घालून दार उघडलं, दोघींनी तिला ओढून सावलीत आणलं. माठातलं पाणी, ओली साडी, सगळं केलं. मी नुसती "यशू, ए यशू" करत होते. तिनं डोळे किलकिले केले तेव्हा मी खाली मातीत बसून ढसाढसा रडले.

फोन केल्यावर विलास धावत आला. पहिलं वाक्य काय? "काच कशाला फोडली, चावी माझ्याकडेच होती ना!" त्या क्षणी वरवंटा माझ्या हातात नव्हता, हे त्याचं नशीब. मग त्यानं पोरीकडे बघितलं आणि तिला उचलून सरळ गाडीत घातलं. खुलताबादला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर बाहेर काढलं, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ती बोलायला लागली. मी विलासला सांगत होते, "बरं झालं बाई तिनं हाका मारल्या. सारखी मंबी, मंबी करत होती. मला वाटलं शेळीच—"

विलासचा चेहरा पांढरा पडला. आणि यशू उशीवरून मान उचलून म्हणाली, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

काय सांगितलं? मला काही कळेना. मग विलासनं सांगितलं. यशूला लहानपणी 'मम्मी' म्हणता यायचं नाही. ती संगीताला 'मंबी' म्हणायची. नंतर नीट बोलायला लागली तरी दोघींमध्ये ते लाडाचं राहिलं. संगीता गेल्यावर यशूनं तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता. विलासनंही नाही.

"पप्पांनी सांगितलं ना तुम्हाला? आता हेपण टाका पुस्तकात!" यशू गळ्याच्या शिरा ताणून ओरडली. विलास शपथा घेतोय, की मी कधी बोललो नाही. मी शपथा घेतेय. तिच्या आजीला फोन लावला, तर तिला असा काही शब्द असल्याचंच माहीत नाही. यशूनं भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे बघा, पोरीला मी मरणातून ओढून काढलं आणि वर पुन्हा मीच चोर! असा राग आला, असं वाईट वाटलं, की दवाखान्याच्या पायरीवर जाऊन एकटीच बसले.

दुसऱ्या दिवशी यशूला दवाखान्यातून सोडल्यावर शेतघरावर सामान आवरायला परत गेलो. विलास म्हणाला, "झोपेत बरळली असेल गं." ठीक आहे, म्हटलं, बघूच. फुटलेल्या काचेच्या जागी जाड पुठ्ठा आणि गोधडी ठोसली, त्याला गाडीत बसवलं, बाकीच्या काचा वर, आणि म्हटलं, ओरड. सम्यकही हौसेनं आत घुसला. मी आतल्या खोलीत, कूलर लावून. दोघं मिळून बोंबलत होते म्हणे. मला काहीही ऐकू आलं नाही. कूलर बंद केला तेव्हा कुठं डास गुणगुणल्यासारखं काहीतरी आलं. मग ती हाक मी ऐकली कशी? आणि यशूचा आवाज आता चांगला घोगरा आहे. मी ऐकलेली पोर चारच्या वरची नव्हती.

यशू ओसरीवर बसून हे सगळं बघत होती. विलास घामाघूम होऊन तोंड धुवायला गेला, तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "आवाज कसा होता?"

मी सांगितलं. बोबडा, हट्टी, शेवटी रडवेला.

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली. "म्हणजे ती मंबीला बोलावत होती. तुम्हाला नाही."

"हो. मला नाही."

"मग तुम्ही कशाला गेलात?"

जे होतं ते सांगितलं. "दुसरं कुणी जाईना गं. किती वेळ ओरडत होती ती पोर. आणि खरं सांगू? मी झापायला गेले होते."

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. हसली असं नाही म्हणता येणार. मग म्हणाली, "परत हाक आली तर मला सांगा." आणि बॅग भरायला आत गेली.

बस्स, एवढंच. त्यानंतर काही ऐकू आलेलं नाही. विलास म्हणतो, योगायोग. कसला योगायोग, हे त्याला विचारलं की त्याला भाजी आणायची आठवते. अण्णा असते तर माझाच बीपी मोजून घेतला असता, आणि मी हात पुढंही केला असता. पण माझ्याकडे आजही उत्तर नाही. सहावा भाग अडकलेला आहे तो आहेच. संपादकबाईंना सांगून टाकलंय, यातलं एक अक्षरही 'जोडगाडी'त येणार नाही.

इथं टाकायच्या आधी मात्र यशूला विचारलं. नावं बदलते म्हटलं. 'यशोधरा' हे नाव तिनंच निवडलंय. तिनं मोबाइल हातात घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मी ओट्यापाशी उभी राहून तीच कणीक परत परत मळत होते. वाचून झाल्यावर मोबाइल माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "बाकी सगळं बरोबर आहे. एकच चुकलंय. ओसरीवर मी 'सांगा' नव्हते म्हणाले. 'सांग' म्हणाले होते."

पोरांचा एकेक शब्द टिपून ठेवणारी बाई मी, आणि मला ऐकूच आलं नव्हतं. वर ते 'सांगा' तसंच राहू दिलंय. कणकेचे हात होते, आणि नंतर दुरुस्त करायला बसले तर नीट दिसेना.