बॉयलरशेजारी जेवणारे साहेब

सरकारी कागदावर काडीचाही विश्वास नसलेला सरकारी माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याची नेमणूक नेमकी कागदांवर सह्या करण्यासाठीच झालेली होती. हे आमचे बॉयलर इन्स्पेक्टर. मी तेव्हा नंदुरबारच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून होतो. दिवाळी झाली की तापीकाठच्या गावांतून कापसाच्या गाड्या येऊन दारात लागत, पण साहेबांनी बॉयलर तपासून परवाना दिल्याशिवाय भट्टीत काडी टाकायची सोय नव्हती. हंगामाच्या तोंडावर साहेब पॅसेंजरने उतरत. आखूड खाकी विजार, डोक्याला पंचा, आणि मागे दिवा नि हातोडी घेतलेला शिपाई. आल्याआल्या मी चहा आणि फाइल पुढे करी. चहा ते घेत. फाइल माझ्याच हातात राही. "कागद बोलत नाही हो, पत्रा बोलतो," असं म्हणून ते बॉयलरच्या भोकातून आत शिरत, आणि मग तासन्‌तास आतून ठोकण्याचा आवाज येई. कामगारांनी त्यांचं नावच ठकठकसाहेब ठेवलं होतं.

ठोकून पाहण्याचं हे वेड बॉयलरपुरतं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण हॉटेलात कपावर टिचकी मारल्याशिवाय ते चहा ओतू देत नसत. बाजारात टरबूजवाली त्यांना लांबून पाहिलं की टोपली झाकायची, कारण हा माणूस वीस टरबुजं वाजवणार आणि एक घेणार. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा त्यांनी चारही भिंती वाजवून पाहिल्या आणि माझ्या बायकोला सांगितलं की देवघरामागची भिंत पोकळ आहे, तिथे फळी ठोकू नका. तिने फळी ठोकली आणि ती देवांसकट खाली आली. त्या दिवसापासून ती साहेबांच्या शब्दाबाहेर गेली नाही. माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा बायकोच्याच हट्टापायी साहेबांना बैठकीला बोलावलं. त्यांनी नवऱ्या मुलाच्या पाठीवर चांगल्या दोन थापा मारल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "भरीव आहे. देऊन टाका." त्या मुलाला तेवढ्यापुरता खोकला आला खरा, पण संसार दृष्ट लागावी असा झाला.

बॉयलर म्हणजे त्यांचे सगेसोयरे. शहाद्याचा तापट, तळोद्याचा दमेकरी, आणि आमचा आतल्या गाठीचा, असं ते सांगत. एकाची खुशाली दुसऱ्याच्या गावी पोचवत. आणि यांतलं सगळ्यांत मोठं वेड म्हणजे त्यांचं जेवण. परवाना दिला, दुसऱ्या दिवशी पहिली वाफ चढली, की साहेब बॉयलरपासून चार हातांवर गोणपाट टाकून जेवायला बसत. डब्याची गरज नसे. भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या फायरमनच्या घरून दादर ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत येई. घामाने निथळत, वाफेच्या सुसकाऱ्यात ते निवांत जेवत. मी एकदा विचारलं, "साहेब, ऑफिसात पंखा आहे, इथे कशाला?" तर म्हणाले, "हा फायरमन इथे सहा महिने उभा राहणार आहे. माझी सही खरी असेल तर मला इथे एक भाकरी खाता आली पाहिजे." त्यांचा घास खाली उतरला की फायरमन निर्धास्त होई.

मग लढाईनंतरची ती काटकसरीची वर्षं आली. पहिल्या वर्षी साहेबांचा शिपाई गेला. दुसऱ्या वर्षी सरकारी दिवा आणि हातोडी कचेरीत जमा झाली. साहेब स्वतःची हातोडी पिशवीत घालून येऊ लागले, त्याच पिशवीत आमच्या मुलांसाठी चिक्की असे. तिसऱ्या वर्षी प्रवासभत्ताच कापला गेला आणि परिपत्रक आलं की गेल्या वर्षी ज्यांचा बॉयलर ठीक होता त्यांनी तो ठीक असल्याचं स्वतःच लिहून द्यावं, परवाना टपालाने मिळेल. आमचे शेठजी खूश. मीही खूश. मी माझ्या वळणदार अक्षरात 'बॉयलर उत्तम स्थितीत आहे' असं लिहून दिलं. बॉयलरच्या आत मी जन्मात डोकावलो नव्हतो. आठ दिवसांत परवाना हातात पडला. मला आजही त्या अक्षराची लाज वाटते.

भट्टी पेटवायच्या आदल्या दिवशी साहेब दारात हजर. "मी रजेवर आहे," ते म्हणाले, "पाहुणा म्हणून आलोय. जरा आत जाऊन येऊ?" पाहुण्याला नाही कसं म्हणायचं? ते आत गेले. ठकठक सुरू झाली, मग एका जागी अडली. पुन्हा ठक, पुन्हा थांबणं. फायरमन भोकाशी येऊन उभा राहिला. काजळीने माखलेले साहेब बाहेर आले आणि शेठजींना म्हणाले, "तळाशी एक पत्रा बद्द बोलतोय. आतून खाल्ला गेलाय. वाफेचा दाब सोसणार नाही."

शेठजी मनाचे वाईट नव्हते. पण बाहेर गाड्यांची रांग स्टेशनपर्यंत गेली होती. "साहेब, परवाना तर आला. तुमच्याच कचेरीचा शिक्का आहे," ते म्हणाले.

"आहे ना. मला तो रद्द करायचा अधिकारही नाही, रजेवर आहे. फक्त एक विनंती. उद्या वाफ चढली की माझ्या जागी तुम्ही जेवायला बसा. फार वेळ नाही, एक भाकरी."

शेठजी जैन, सूर्यास्ताच्या आत जेवणारे, आणि त्यांच्या घरचं ताट म्हणजे बघत राहावं असं. ते बॉयलरकडे बघत राहिले, मग त्या चार हातांवरच्या गोणपाटाकडे. फायरमन तिकडे बोट दाखवून, कधी नव्हे ते मध्ये बोलला, "शेठजी, साहेब आठे जेवतस नही, ते मी आग लावाव नही."

 शेवटी शेठजी माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडीवाल्यांना सांगा, पंधरा दिवस लागतील." तो पत्रा कापून काढला तेव्हा आतल्या बाजूने पापडासारखा झाला होता. फायरमनने त्याचा एक तुकडा घरी नेऊन देवाजवळ ठेवला.

साहेबांना मात्र वरून विचारणा आली. रजेच्या काळात सरकारी हातोडी खासगी कामासाठी का वापरली, याचा खुलासा करावा. त्यांनी खुलासा केला की हातोडी स्वतःची आहे, सरकारी हातोडी काटकसरीत जमा आहे. त्यांची बढती तिथेच राहिली. त्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा जास्त राग आला, आणि त्यात माझ्या अक्षराचाही वाटा होता हे मला ठाऊक होतं.

त्याच सुमारास वर्तमानपत्रात समुद्रकाठी अणूवर वीज करणार असल्याची बातमी आली. सारा गाव भारावून गेला. साहेबांनी दोनदा वाचली. "म्हणजे शेवटी पाणीच तापवायचं," ते म्हणाले, "विस्तव तेवढा वेगळा. पण तपासणार कोण?" आणि त्यांनी त्या अणूवाल्यांना पोस्टकार्ड लिहिलं. आपल्या तपासनिसाला जागेवर जाण्याइतका भत्ता मिळतो ना, आणि पहिल्या दिवशी तो तिथेच जेवतो ना, एवढंच कळवावं. निवृत्तीनंतर कुठे राहणार ते ठरलं नव्हतं, म्हणून पत्ता माझा दिला.

साहेबांच्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी, पहिल्या वाफेच्या आधी, फायरमनने माझ्याकडून पत्र लिहवून त्यांना बोलावून घेतलं. साहेब आले, पण आयुष्य बॉयलरच्या पोटात काढून कान पार गेले होते. गुडघ्यांमुळे आतही शिरता येईना. मग हातोडी घेऊन फायरमन आत गेला, आणि साहेब बाहेरून पत्र्यावर तळवा ठेवून उभे राहिले.  फायरमन बाहेर आला तेव्हा साहेबांनी, बहिरी माणसं विचारतात तसं मोठ्याने विचारलं, "काय म्हणतो?"

"बरं बोली ऱ्हायना, साहेब," तो खुशीत त्यांच्या कानाशी लागून म्हणाला. "सकाळी जेवाले बठा."

दुसऱ्या दिवशी ते जेवायला बसले. दुसऱ्याच्या कानावर भरवसा ठेवून जेवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. जेवता जेवता त्यांनी मला विचारलं, अणूवाल्यांचं पत्र आलं का? मी नकारार्थी मान हलवली.

"येईल," ते म्हणाले. "इतके दिवस उत्तर नाही, म्हणजे कचेरीत बसून राहणारी माणसं नसावीत. तपासायला गेले असतील." आणि भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी भरताला लावला.