डाव्या हाताची पेंढी

लोणावळ्यात पावसाचा मारा सोसणाऱ्या भिंतींना मे महिन्यातच पेंढ्याच्या झडींचा आडोसा बांधावा लागतो, नाहीतर ओल आतल्या कपाटांपर्यंत पोचते. मी ज्या बंगल्याची राखण करायचो, तिथं हे काम दरसाल माझ्याच गळ्यात पडायचं. त्या वर्षी पेंढा मळवलीहून आला. गाडीवान आणि त्याच्यासोबत आलेली एक तरुण बाई अंगणात पेंढ्या उतरवत होते. मी एक पेंढी उचलली, बंदाचं टोक धरून डावीकडे झटका दिला, पेंढी मोकळी झाली. दुसरी घेतली, तीही सुटली. तिसरीला हात घातला आणि डोक्यात उजेड पडला. अरे, मी डावीकडे का ओढतोय?

भाताची पेंढी बांधताना त्याच पेंढ्याची मूठभर काडी घ्यायची, वेढा द्यायचा, पीळ घालून टोक खाली खोचायचं, झाला बंद. सगळं मावळ पीळ उजवीकडे घालतं. माझा एक मित्र होता वडिवळ्याचा, डावरा. त्याचा पीळ उलटा पडायचा. भलतीकडून ओढलं की सुटायच्या ऐवजी आवळायचा. झोडणीला माणसं त्याला काय काय शिव्या घालायची! पण बंद बघून पेंढी कुणाची हे ओळखायची आमच्याकडे रीतच होती. पेंढा चोरीला गेला तरी गावात बंद दाखवून तंटा मिटायचा. आणि त्याचा बंद तर आंधळ्यानंही ओळखला असता. मी तर दर हंगामात त्याच्या जोडीला असायचो.

कूळकायदा आला. तो कसत होता त्या जमिनीचा मालक म्हणाला, हा कूळ कसला, रोजावरचा मजूर. तारीख पडली. मित्राकडे एक कपटा नव्हता. तर हा बाबा कचेरीत काय घेऊन यावा? तीन पेंढ्या! तीन वर्षांच्या. एक काळी पडलेली, एक राखाडी, एक पिवळीधमक. साहेबाच्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, "बगा, तिनी साली योकच हात हाय." कारकून खो खो हसले. गावात जे चाललं असतं ते कचेरीत चालत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पण साहेब हसला नाही. माणूस बरा होता. म्हणाला, "हा हात ओळखणारा कुणी आहे का?" मित्रानं माझ्याकडे बोट केलं. अगदी खुशीत! मागं त्याची बायको उभी, कडेवर वर्षाची पोर.

आता खरं सांगतो. आदल्याच दिवशी मालकानं मला बोलावून घेतलं होतं. लोणावळ्याचा बंगला सांभाळायचा, राहायला पक्की खोली. कुडाच्या खोपटात जन्म काढलेल्या माणसाला पक्की खोली म्हणजे काय, हे दुसऱ्या कुणाला कळायचं नाही. साहेबानं पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "पेंढा पेंढ्यासारखा असतो, साहेब. मजूर दरसाल निराळे असायचे." थू माझ्या जिनगानीवर.

तो ओरडला नाही. तिन्ही पेंढ्या काखेत मारून बाहेर आला. मी खाली मान घालून चाललो होतो, मालकानं दारातच दिलेली खोलीची किल्ली मुठीत. माझ्यापाशी थांबून एवढंच म्हणाला, "खोली हवेशीर हाय का रं?" तेच शेवटचं बोलणं. जमीन गेली, तो दगडाच्या खाणीवर गेला, दोन वर्षांत छातीच्या दुखण्यानं संपला. मला बाजारात कळलं. मातीला गेलो नाही. कोणत्या तोंडानं जाणार होतो?

आणि आता, सतरा-अठरा वर्षांनी, त्याच खोलीच्या दारात त्याचा बंद माझ्या हातात. मेलेल्या माणसानं बांधलेली ताजी पिवळी पेंढी!

"भाऊ, तुमाला कसा सुटला वो ह्यो बंद?" ती तरुण बाई माझ्याकडे टक लावून बघत होती. "ह्यो गाडीवान तर कोयताच घालतो. आमच्या घरच्यांबिगर कुनाला सुटत न्हाई."

"तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"आयनं. तिला बानं शिकवलं व्हतं. आमी दोगीबी उजव्याच, पर पीळ त्याच्यावानीच घालतो. आय म्हनती, त्याचं तेवढंच राह्यलंय." मग जरा पुढं झाली. "तुमी वळकत व्हता का माज्या बाला?"

मालक मरून गेला होता. साहेब नव्हता, कारकून नव्हते, कुणी काही देणार नव्हतं की काढून घेणार नव्हतं. नुसतं व्हय म्हणायचं होतं. एक शब्द!

"न्हाई," मी म्हणालो. "पेंढा पेंढ्यासारखा असतो, बाई."

पुढची पेंढी तिनं माझ्या हातात दिली आणि बघत उभी राहिली. मी टोक धरलं आणि मुद्दाम उजवीकडे ओढलं. बंद करकचून आवळला.

"द्या हिकडं," ती म्हणाली आणि तिनंच ती सोडली.