शेनॉनच्या लग्नाचं मागणं

पर्लला वाटलं होतं, आपण फार हुशारी केली. हुशारी कसली, हात दाखवून अवलक्षण! पण ते कळायला पवित्र मातेची मूर्ती घरी यावी लागली.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे मातेच्या जपमाळेचा महिना. अबुधाबीतले वसईकर ख्रिस्ती त्या महिन्यात मातेची मूर्ती घरोघर फिरवतात. ज्या घरी मूर्ती, त्या घरी संध्याकाळी माळ, माळेनंतर उकडलेले चणे, मैद्याचे तळलेले फुगे आणि गप्पा. त्या घरानं एक मागणं सांगायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी ते आपलंच समजून देवापुढे घालायचं. कुणी आईचं ऑपरेशन मागतं, कुणी व्हिसाचं रिन्यूअल. परदेशी गेलेली मुलंही हजर राहतात बरं का, फोन मूर्तीशेजारी टेकवलेला असतो.

पर्लनं यंदा रोझरी मंडळाच्या ग्लेन अंकलना कळवून टाकलं, आमचं मागणं शेनॉनच्या लग्नाचं.

त्यात खोटं काही नव्हतं. लेकीचं लग्न जानेवारीत ठरलंच होतं. फक्त ते ईशानीशी होतं. ईशानी पुण्याच्या माणसांची, पण अमेरिकेतच जन्मलेली मुलगी. दोघी तीन वर्षं तिकडे अमेरिकेत एका घरात राहत होत्या. हे अबुधाबीत ठाऊक होतं फक्त पर्लला आणि तिच्या नवऱ्याला, लिओला. लिओनं ऐकलं त्या दिवशी तो जेवला नाही. मग एवढंच म्हणाला, की तुला जायचं तर जा, पण परत येऊन माझ्याबरोबर चर्चमध्ये बसू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याची नोकरी, त्याचा व्हिसा, त्या व्हिसावर पर्ल, आणि अवतीभवती सगळे वसईचेच. इथं बोललेला शब्द दुसऱ्या दिवशी वसईत पोचतो. आणि हा देशही असला विषय मोठ्यानं बोलण्याचा नव्हे.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार! मग पर्लच्या डोक्यात ही अक्कल आली. आपल्याला जाता येत नाही तर नाही, पण वीस माणसं तर शेनॉनच्या लग्नासाठी गुडघे टेकतील. त्यांना काय कळतंय! देवाला कळलं म्हणजे झालं. आपल्या युक्तीवर बाई इतकी खूश होती, की आठवडाभर स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

शेनॉननं आईकडे एकच गोष्ट मागितली होती. जानेवारीत येणार की नाही, ते रोझरीच्या दिवसापर्यंत सांग. शिवाय तिच्या मागे आणखी एक काळजी होती. ती राहते त्या राज्याच्या घटनेत लोकांनी पूर्वी मतं देऊन एक ओळ घातलेली आहे, लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक बाई. कोर्टामुळे ती ओळ आज निजलेली आहे, पण उद्या कोर्टाचं मन फिरलं तर? ती ओळ काढायची की ठेवायची, ह्यावर नोव्हेंबरात राज्यभर मतदान होतं. शेनॉनला मत नाही, ईशानीला आहे. दोघी दर रविवारी दारोदार जाऊन लोकांना विनवत होत्या. आपलं लग्न करायला परक्यांची दारं वाजवायची!

मूर्ती आली. एसीच्या घरघरीत वीस माणसं दाटीवाटीनं बसली. फोनवर शेनॉन आली, तिच्याकडे सकाळ होती. आंट्यांनी हात हलवले, तिनंही हलवला. हाय आंटी, आय ॲम गुड आंटी. पोरगी अबुधाबीतच वाढलेली, बोलायची ते इंग्रजीत. मराठी तिला समजायची सगळी, पण बोलता यायची ती फक्त प्रार्थनेपुरती, पर्लनं मांडीवर घेऊन शिकवलेली.

माळेचे चार भाग नीट पार पडले. पाचवा भाग घरच्या बाईनं चालवायचा, हा रिवाज. बाईनं प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा आणि बाकीच्यांनी उरलेला. पर्लनं मणी धरला. तेवढ्यात ग्लेन अंकल खाकरले. हे मंडळाचे सर्वेसर्वा, मनाचे चांगले, पण मोबाइलवर आलेलं सगळं त्यांना खरं आणि तातडीचं वाटतं.

"ह्या घरचं मागणं आपल्या शेनॉनच्या लग्नाचं," ते म्हणाले. "आणि ती राहते तिथं पुढच्या महिन्यात लग्नावरच मतदान आहे. पुरुषाशी पुरुषाचं, बाईशी बाईचं लग्न कायमचं पक्कं करायला निघालेत. म्हणून दोन्ही मागणी मी एकत्र केली. शेनॉनला चांगला मुलगा मिळो आणि तिथल्या लोकांना नाही म्हणायची बुद्धी होवो. पर्ल, यल्ला, सुरू कर."

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

पर्लनं फोनकडे पाहिलं. शेनॉन हलली नव्हती. तिच्या मागे कुणीतरी कॉफीचा कप घेऊन आलं, थबकलं आणि हळूच बाजूला झालं. आता बोलावं तर घर फुटतं, न बोलावं तर लेक. पर्ल मणी नुसताच फिरवत राहिली. लिओनं डोळे मिटून घेतले होते. खोली वाट बघत होती. कुणीतरी डोळे उघडून तिच्याकडे पाहू लागलं, ग्लेन अंकलनी पुन्हा खाकरून बघितलं.

आणि फोनमधून आवाज आला.

"नमो मरिया, कृपापूर्ण..."

शेनॉन म्हणत होती. आईनं शिकवलेल्या मराठीत, स्वच्छ, न अडखळता. सगळ्यांनी दुसरा अर्धा भाग उचलला. हे पवित्र मरिये, देवाच्या माते. पर्लनंही म्हटला, त्या सगळ्यांबरोबर. मणी पुढे सरकत गेले. स्वतःच्या लग्नावर पडायच्या दगडासाठी पोरीनं सगळे मणी पुरे केले, आईला बोलावं लागू नये म्हणून.

माळ संपली. खोलीत कौतुकाला पूर आला. इतकी वर्षं बाहेर राहून एक शब्द चुकली नाही, ह्याला म्हणतात वळण! पर्ल, तू भाग्याची गं. ग्लेन अंकलच्या बायकोनं तर वसईतला एक मुलगाही सुचवून टाकला, बँकेतला. पर्ल चण्यांच्या वाट्या भरत राहिली. तिला स्वतःची शिसारी आली होती. जिनं बोलायचं ती मुकी बसली आणि पोर बोलली.

फोन हातोहात फिरत शेवटी तिच्याकडे आला. लिओ दोन पावलांवर उभा होता, पाठ करून.

"मम्मा, आर यू ओके?" शेनॉननं विचारलं.

पर्ल तिच्याकडे बघत राहिली. आज उत्तर द्यायचा दिवस होता, दोघींनाही ते माहीत होतं. पर्लचे ओठ हलले.

"जेवलीस का?" तिनं विचारलं.

शेनॉननं बाजूला, कॉफीचा कप गेला होता तिकडे पाहिलं.

"येस, मम्मा," ती म्हणाली आणि जानेवारीचं तिनं पुन्हा काही विचारलं नाही.