पाळण्यासमोरचे बॉक्स

आज मुलीच्या वाढदिवसाला गाण्यांसाठी भाड्याचे स्पीकरचे बॉक्स घरात लागले. तापलेल्या वायरींचा तो वास नाकात गेला आणि मला स्वतःचीच किळस आली.

याच खोलीत तिचं बारसं झालं होतं. गाणी मी निवडली होती, बॉक्सही मीच नेमके पाळण्यासमोर लावले होते. आईनं बायकांसोबत पाळणा म्हणायला घेतला, तसा मी आवाज आणखी वाढवला.

“बंद कर ना रे, पाळना म्हनू दे!” आई ओरडली.

“तुमचं रडगानं कोन आयकते?”

माझे मित्र फिदीफिदी हसले. आई दोरी ओढत तशीच गात राहिली.

आता आई नाही. मघाशी मुलीनं बारशाचा जुना व्हिडिओ लावला. “बाबा, आजी काय गाऊन राहिली?”

आईचे ओठ हलत होते. ऐकू येत होता फक्त माझा धिंगाणा. पाळण्याची एक ओळही मला सांगता आली नाही.