झरेगिळ्याचं बोट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते अंगाला लागतात. आमच्या नंदुरबारला मिरची वाळत घालायची मोठाली मैदानं आहेत, त्यांना आम्ही पथारी म्हणतो. तिथून चक्कर मारून घरी यावं, निवांत पंख्याखाली बसावं आणि तासाभराने सदरा झटकताना एकदम शिंक यावी! आमच्या मंडळाचे किस्से असेच आठवतात. काही कारण नसताना.

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. माझा फोटो स्टुडिओ आहे. मोबाइल आले तेव्हाच तो संपायला हवा होता, पण पासपोर्ट फोटोंवर चालू आहे. दुसरा हसमुख, मिरचीचा व्यापारी. घरात मारवाडी बोलतो आणि बाजारात आमच्यापेक्षा झकास अहिराणी. तिसरा दिलीप पावरा, धडगावकडच्या एका आश्रमशाळेत ड्रॉइंग टीचर. आमच्यात शुद्ध मराठी बोलणारा तोच, कारण मराठी तो शाळेतच शिकला.

दर रविवारी दुपारी स्टुडिओचं शटर अर्धं ओढायचं, मागच्या रंगवलेल्या सरोवराच्या पडद्यासमोर सतरंजी टाकायची आणि मांगा वाचायचा. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा, त्यातही मारामारीची. हिरोचं नाव कोणालाच नीट उच्चारता येईना, म्हणून आम्ही त्याला 'भाऊ' म्हणायचो. बाहेर ऊन, आत निळं सरोवर, मधे भाऊ. त्या दुपारी आठवल्या की अजून डोळे जड होतात.

* * *

पहिला भाग हसमुखला सुरतेच्या रद्दीत मिळाला. आम्ही तो डावीकडून सुरू केला, पुस्तक करतात तसा.

पहिल्याच पानावर भाऊने एका राक्षसाला आडवा केला होता. मग तो हळूहळू मार खायला लागला. मग कमजोर झाला. मग लहान झाला आणि शेवटच्या पानावर त्याची आई त्याचे केस विंचरत होती.

आम्ही गार! कितीतरी दिवस त्या गोष्टीवर चर्चा केली. हसमुखचे तर डोळे भरून आले. म्हणाला, "मानूस कितला बी मोठा व्हवो, शेवट मायकडेच जास!"

मग एके दिवशी दिलीपला मलपृष्ठाच्या आत एक बारीक सूचना दिसली, की हे पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं. आम्ही निमूटपणे पुन्हा वाचलं. दिलीप अजून म्हणतो, "आपली गोष्ट जास्त चांगली होती."

* * *

मंडळाचा नियम एकच. तिघं बसल्याशिवाय पान उघडायचं नाही. पंगत पूर्ण बसल्याशिवाय कोणी घास घेत नाही, तसंच.

हसमुख लग्नाला राजस्थानात गेला आणि नेमका तेव्हाच नवा भाग आला. आम्ही वाट पाहिली. पाकीटसुद्धा फोडलं नाही! गडी नव्या नवरीला घेऊन गाडीतून उतरला तो रिक्षाने थेट स्टुडिओत. नवरीला वाटलं, किती हौशी नवरा, घरी जायच्या आधी फोटो! बिचारी पदर सावरून सरोवरासमोर, पडद्यावरच्या हंसाशेजारी बसली. आम्ही तिच्या पायाशी सतरंजी टाकली आणि वाचायला लागलो.

भाग संपला, चहा झाला, भाऊच्या नव्या ठोशावर वाद झाला. तेव्हा कुठे नवरी हळूच म्हणाली, "लाइट कब मारोगे?"

* * *

मग ते पान आलं. मोठा राक्षस मेला होता. भाऊ एका दगडावर पाठमोरा बसला होता आणि समोर सूर्य उगवत होता. पानावर एक शब्द नाही.

पथारीवरून बायांच्या बोलण्याचा आवाज येत होता, लांबून कुठून तरी आल्यासारखा. मला वाटलं, आपणही त्या दगडावर बसलोय आणि आता कुठेच जायचं नाही. इतकं बरं मला क्वचितच वाटलं असेल.

दिलीप म्हणाला, "संपलं. यापुढे एक रेघ जरी मारली तरी पाप लागेल."

थोड्याच दिवसांत पुढचा भाग आला! राक्षसाचा थोरला भाऊ निघाला होता. दिलीपने त्या जपानी चित्रकाराला आपल्या पावरी बोलीत ज्या शिव्या घातल्या, त्यांचा अर्थ तो आजही सांगत नाही. हसमुखला मात्र काहीच नवल वाटलं नाही. "चालू दुकान कोन बंद करस, भो?"

* * *

दुकान चालूच राहिलं. आधी भिंत फोडणारे राक्षस होते, मग डोंगर फोडणारे आले, मग चंद्र. एक ठोसा तर इतका लांबला की तो उगारला तेव्हा हसमुखची मुलगी पाळण्यात होती आणि लागला तेव्हा ती शाळेत जात होती.

"आते जमीन बी फोडी टाकी यानी," हसमुख पान उलटंसुलटं करत म्हणाला. "मंग हाऊ उभा कोठे शे?"

मेलेले तर सगळेच परत यायचे. माझी बायको मंदा एकदा चहा ठेवता ठेवता डोकावली आणि म्हणाली, "तुमना भाऊपेक्षा मन्ही सिरीयल बरी. तठे मरेल मानूस नवं तोंड लाईसन तरी येस!"

* * *

याच काळात दिलीपने शाळेच्या मागच्या भिंतीवर स्वतःची मारामारी सुरू केली. कोळसा, खडू आणि गेरू. हिरो वेस्ता, सातपुड्यातला एक पोरगा. राक्षसाचं नाव झरेगिळ्या, तो डोंगरातले सगळे झरे पिऊन टाकतो. दर शनिवारी एक नवं चित्र काढायचं आणि आठवीतली शेवंती लहान पोरांना ते वाचून दाखवायची. राक्षसाचा आवाज ती असा काढायची की पहिलीतली पोरं तिच्याच मागे लपायची!

दिवाळीच्या आधी दिलीप स्टुडिओत आला. चेहरा उतरलेला.

"गोष्ट संपत आली," म्हणाला. "शनिवारी झरेगिळ्या मरतो. मग सूर्योदय."

"मग छानच की," मी म्हणालो.

छान नव्हतं. दिवाळीनंतर त्याच्याकडची घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, पोरंही बरोबर जातात आणि त्यातली बरीच पुन्हा शाळेत दिसत नाहीत. शेवंतीचं नाव या वर्षी जाणाऱ्यांत होतं. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी त्याला साफ सांगितलं होतं, "सर, आज संपवलं तर दिवाळीनंतर मी भाकरी कोणासाठी थापू?"

हसमुख पोट धरून हसला. "त्या जपानी मानूसले कितल्या शिव्या दिन्यात तू! आते तुन्हंच दुकान बंद व्हत नही!" आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "मरू दे झरेगिळ्याले. फक्त त्यानं एक बोट हालाव."

शनिवारी दिलीपने झरेगिळ्याला मारला. सूर्य काढायला जागा सोडली होती, तिथे त्या मेलेल्याचा हात काढला आणि बोटाशेजारी दोन बारीक रेघा मारल्या. बोट हललं! पोरं किंचाळली. घरी आल्यावर आपल्याला जेवण गेलं नाही, असं दिलीपने मला फोनवर सांगितलं.

* * *

दिवाळीनंतर वर्ग बराच भरला. शेवंती मात्र आली नाही.

पोरं भिंतीसमोर बसून ओरडायला लागली, "सर, पुढे!" तेव्हा दिलीपने आमच्या मंडळाचा नियम लावला. "सगळे बसल्याशिवाय पुढचं चित्र नाही."

झालं! दर शनिवारी पोरं सरांच्या फोनवरून शेवंतीच्या बापाला फोन लावायची आणि तिकडे उसाच्या फडात शेवंतीला ऐकू जाईल असं सगळी एकदम ओरडायची, "शेवंती, बोट अजून तसंच आहे!"

तिकडून उत्तर यायचं, "मी येईपर्यंत हलू देऊ नका!"

खडू पुसट झाला की पोरंच बोट गिरवायची. गिरवून गिरवून ते एवढं फुगलं की फोटो पाहून हसमुख म्हणाला, "हाई बोट शे का भोपळा?"

* * *

होळीला सातपुड्यातली माणसं कुठेही असली तरी घरी येतात. होळीच्या तोंडावर मी दहावीचे ग्रुप फोटो काढायला दिलीपच्या शाळेत गेलो होतो. डोंगर धुरकट निळे होते आणि वाऱ्याला मोहाच्या फुलांचा वास होता. माझ्या स्टुडिओच्या पडद्यात शिरल्यासारखं वाटत होतं.

शेवंती बापाबरोबर आली. बाप फाटकापाशीच उभा राहिला. "हिला भिंत पाहायची होती, सर," तो म्हणाला. "होळी करून परत जायचंय. अजून तोड बाकी आहे."

दिलीपने खडू पुढे केला. शेवंतीने खडू घेतला नाही. तिने खालचा कोळसा उचलला आणि त्या भोपळ्याएवढ्या बोटावर वेस्ताचा पाय काढला. चांगला दाबून! मग वेस्ता पाठमोरा डोंगर चढताना काढला. वर गेरूने अर्धा सूर्य. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'समाप्त'.

दिलीपने माझा दंड धरला.

"हेच पान," तो पुटपुटला. "मी हेच काढणार होतो. आता ती काय म्हणून थांबेल?"

फाटकातून बापाने हाक मारली. शेवंतीने हात झग्याला पुसले, वर्गाच्या दाराशी चपला काढल्या आणि आत जाऊन आपल्या जागेवर बसली. बापाने पुन्हा हाक मारली. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"सर, वेस्ता दमला," ती म्हणाली. "आता त्याच्या पोरीचं काढा!"