मिठाचं प्रमाण

सातवीला गुणोत्तर शिकवताना मी फळ्यावर नेहमी तांदूळ-मटणाचंच उदाहरण घालते. दोन किलो तांदळाला तीन किलो मटण, तर आठ किलोला किती? मुलं "बारा" म्हणून ओरडतात. परवा एका मुलीनं हात वर केला. "बाई, मीठपण चौपट घालायचं का?" मी तिला खाली बस म्हटलं आणि तास संपेपर्यंत सगळ्यांवर खेकसत राहिले. त्या बिचारीची काही चूक नव्हती.

हे उदाहरण माझ्या अम्मीचं. मलकापुरात ती दावतींच्या देगी रांधायची, मोठाल्या हंड्यांत बिर्याणी. मी सातवीत असताना गुणोत्तर काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. कुठला आकडा वर आणि कुठला खाली, इथंच गाडी अडायची. अम्मीला लिहिता येत नव्हतं. तिनं परातीत दोन वाट्या तांदूळ ओतले आणि शेजारी मटण म्हणून तीन बटाटे मांडले. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण माझी शाळा मराठी, म्हणून अभ्यासाचं ती मराठीतच बोलायची.

"दोनाला तीन. आता तांदूळ चार वाट्या घेतलं, तर बटाटं किती?"

"सहा."

"आन धा वाट्या?"

"पंधरा."

"मग रडतीस कशाला?"

चाचणीत पैकीच्या पैकी पडले आणि मला शिंगं फुटली.

त्याच वर्षीच्या रमजानात गल्लीच्या इफ्तारीची देग अम्मीकडं होती. रोज्यात रांधणाऱ्याला चव बघता येत नाही, म्हणून रोजा नसलेलं एखादं मूल बोलवायचं, ही आमच्याकडची रीत. दरवर्षी ते मूल मीच असायचे. त्या वर्षी माझा पहिला रोजा होता. अम्मीला ताप भरला होता. आधणाला उकळी आल्यावर ती भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मीठ हात राखून टाक, आन शेजारच्या बारकीला चव बघाय बोलव."

त्या बारकीला काय कळतंय! घरी दोन किलोला किती चमचे ते मला पाठ होतं. देगीत चाळीस किलो, म्हणजे वीसपट. गुणाकार केला आणि मीठ ओतलं. मटणाला अम्मीनं सकाळीच मीठ लावून ठेवलं होतं, ते मी धरलंच नाही. बारकीलाही बोलावलं नाही.

सूर्य मावळला, मगरीबची अजान झाली. दिवसभराची उपाशी माणसं खजूर खाऊन ताटावर बसली, आणि दुसऱ्याच घासाला हात थांबले. कुणीतरी विचारलं, "मीठ कुणी घातलं?" मी तोंड उघडायच्या आत अम्मी अंगात ताप घेऊन उभी राहिली.

"माझा हात चुकला," ती म्हणाली.

पुढच्या रमजानात देग दुसरीकडं गेली, मग हळूहळू दावतीही गेल्या. ती मला एका शब्दानं बोलली नाही. मी तेव्हा गप्प बसले आणि नंतरही गप्पच. शिकले, शाळेत बाई झाले, तरी तिची माफी मागितली नाही. आजही स्वतःचा राग येतो.

गेल्या रमजानात ती अंथरुणाला खिळली होती. एक दिवस ठरवलं, आज माफी मागायचीच. शाळेतून आल्यावर तिच्यासाठी पेज केली. माझा रोजा होता. चमच्यानं भरवताना विचारलं, "अम्मी, मीठ?"

"बराबर हाय."

तिनं सगळी वाटी संपवली आणि तिचा डोळा लागला. म्हटलं, रोजा सोडून आल्यावर बोलू.

अजान झाल्यावर खजूर खाल्ला आणि पातेल्याच्या कडेची पेज बोटानं चाटली. जिभेवर ठेववेना इतकी खारट. विचारांच्या नादात मी मीठ दोनदा घातलं होतं.

धावत तिच्याकडं गेले. ती जागी होती, पाणी मागत होती. घटाघट पाणी प्यायली, मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "पेज चांगली झालती."

मी पेला पुन्हा भरून तिच्या ओठांना लावला; माफीचं तसंच राहिलं. ईदच्या आधीच ती गेली.